अकराव्या खेपेला

दाखल्याच्या खिडकीपुढच्या रांगेत माझ्या पुढे दोघे भाऊ उभे होते. धाकट्याच्या नखांत ग्रीस होतं.

“दादा, जमलं! घरच्या घरी गाडीचं डिफरन्शियल बसवलं!”

“तीन आठवडे ते मागची चाकं फिरवणारं धूड जेवणाच्या टेबलावर. आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवलो.”

“अरे, क्राउन आणि पिनियन या दोन दातेरी चाकांच्या दातांना रंग लावायचा, फिरवायचं, डाग कुठे पडतो ते बघायचं. कडेला पडला की सगळं खोलून वॉशर बदलायचा. अकराव्या खेपेला डाग बरोब्बर मधोमध पडला, दादा!”

“गाडी कण्हायची थांबली का ते सांग. नाहीतर उद्या भंगारवाला बाबांची गाडी नेतोय. शब्द तूच दिलायस.”

“थांबली! सकाळी चालवली, हूं की चूं नाही.”

“अरे वा! कुठवर गेलास?”

“मागच्या भिंतीपर्यंत.”

“मागच्या?”

“पहिला गिअर टाकला की मागे जाते. क्राउनचं चाक पिनियनच्या उजवीकडे हवं होतं, मी डावीकडे बसवलं.”

“गाढवा! आणि रिव्हर्स टाकला की?”

“पुढे.”

“म्हणजे पुढे जायला एक गिअर आणि मागे जायला चार?”

“हो. पण आवाज नाही.”

“चौथा टाकून बघितलास?”

“एवढी मोकळी जागा कुठे आहे अंगणात?”

“मैदानात आहे. चल.”

“दादा, तासभर उभे आहोत! आता आपलाच नंबर.”

“अहो मागचे, तुम्ही व्हा पुढे. आणि तू, किल्ली इकडे दे. आधी त्या भंगारवाल्याला फोन लाव, म्हणावं उद्या येऊ नकोस.”