शेळीला नाव, बापाला खोकला

...आणि मेलो तर कधी, नावांच्या पाट्या संपतात न संपतात तोवर! तुम्हाला सांगतो, जन्मात पहिल्यांदा सिनेमात काम केलं, तेही मरायचं, आणि सबंध हॉलमध्ये एक माणूस रडला नाही. उलट माझा शेवटचा श्वास चालू असताना मागं कोणीतरी शेंगा फोडत होतं की.

हृषीकेश, माझा पुतण्या. नोकरी सांभाळून सिनेमा काढला त्यानं. म्हणाला, "काका, माळावरचा बाप तुम्हीच करा, चेहरा आपोआप थकलेला आहे." आता मी जुळे सोलापुरातला रिटायर्ड क्लार्क, माळावर गेलो असेन तर सहलीला. म्हणून विचारलं, बाबा रे, हा माणूस कोण? चहा बशीत ओतून पितो का कपानं? बायकोवर चिडतो कशावरून? ह्याला भीती कशाची वाटते? तर आमचे साहेब मोबाईलमधून डोकं वर न काढता, "काका, बाप म्हणजे बाप. खोकायचं, आभाळाकडं बघायचं, मरायचं."

खोकलो, बघितलं, मेलो.

आणि शेळी बघा. सांगोल्याच्या बाजूला शूटिंग, तिथल्या केराबाईंची शेळी, नाव रेश्मा. तिला नाव आहे, स्क्रिप्टमध्ये मी मात्र नुसता 'बाप'. तर ही रेश्मा कॅमेऱ्यासमोर हलेना. पाला दाखवला, गूळ दाखवला, हृषीकेशनं हात जोडले... छे. मग केराबाई आल्या, "तसं न्हाय खायाची ती. आदी आपुन घास खायाचा, मग तिला उष्टी भाकरी द्यायची. ल्हानपणापास्नं माज्या ताटातलीच खाती. सवय हाय तिची, काय करता?" झालं. शूटिंग अडलं म्हणून साहेबांनी तेच सिनेमात घातलं. सिनेमातली आई रोज भाकरीचा घास खाते आणि मग उरलेली रेश्माला देते. शेळीला सवय मिळाली, हट्ट मिळाला, जीव लावणारं माणूस मिळालं. मी म्हटलं, मलाही एखादी सवय दे की रे, निदान तपकीर तरी दे. "काका, बाप म्हणजे बाप."

मग शेवट. बाप गेल्यावर आई शेळी विकते. बाजारात नवा मालक अख्खी भाकरी पुढं करतो... रेश्मा हुंगते, आणि मान वर करून त्याच्या तोंडाकडं बघत राहते. तू आधी खा की, म्हणून. बस्स, सगळा हॉल ढसाढसा. शेंगावालासुद्धा. आणि माझ्या शेजारी आमची गोदावरी, लग्नाची बायको, पदर डोळ्याला. मी मरत होतो तेव्हा ही विचारत होती, "इंटरव्हल आहे का ह्याला?"

रिक्षात बोललोच मी. लागलं होतं मला, खोटं कशाला सांगू? म्हटलं, शेळीसाठी रडलीस, नवरा मेला त्याचं काहीच नाही? तर म्हणते कशी, "तो कुठं तुम्ही होता? कोण होता तो, मला काय माहीत? तुम्ही असता तर मरता मरता विचारलं असतं, गोदे, गॅस बंद केलास का? मी हो म्हटलं असतं, तरी उठून बघून आला असता आणि मग..." बोलता बोलता थांबली. पदर परत डोळ्याला. ह्या वेळी शेळीसाठी नव्हे, बरं का.

ज्या सवयीवरून जन्मभर बोलणी खाल्ली, तेवढीच माझ्या नावावर निघाली बघा. माणूस मेला म्हणून कोणी रडत नाही हो, कोण मेला ते कळावं लागतं. हे हृषीकेशला सांगितलं तर तो काय म्हणेल, ते तुम्हीच ओळखा.

घरी आलो. आधी गॅस बघितला, बंद होता. तिनं ताट वाढलं. मला काय सुचलं कोण जाणे, भाकरी तिच्याकडं सरकवली आणि म्हटलं, "आधी तू एक घास खा." आणि बसलो रेश्मासारखा तिच्या तोंडाकडं बघत. तिनं माझ्याकडं बघितलं, भाकरीकडं बघितलं, आणि भाकरी परत माझ्या ताटात टाकली.

"नवरा म्हणजे नवरा. गुमान जेवा."

जेवलो.