चामड्याच्या लॉरीचा एक्सल

जुन्नर पोलीस ठाणे, नोव्हेंबर १९५६

माझे नाव गुलशन, नवऱ्याचे नाव महंमद हनीफ, वय अंदाजे ३२ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार जुन्नर. आज रोजी ठाण्यात आपखुशीने हजर राहून समक्ष सांगते की,

माझा नवरा मोटारी दुरुस्त करतो. तो परवापासून याच ठाण्याच्या कोठडीत आहे. आणे घाटात जवरीलाल शेट यांची मोटार मागे घसरून दरीत गेली व ते जागीच मयत झाले. माझ्या नवऱ्याने जाणूनबुजून मोटारीत हलका माल बसवला, अशी फिर्याद त्यांचे चुलते नेमीचंद शेट यांनी दिली आहे. नवरा त्यावर "चूक माझीच" एवढेच म्हणतो. चूक त्याची नाही. तो सांगणार नाही म्हणून मी आले. मी इथे आल्याचे त्याला कळले तर तो माझ्याशी बोलायचा नाही, हे मला माहीत आहे.

सदर मोटार जुनी, अमेरिकन बनावटीची. तिचे इंजिन कामातून गेले होते. जवरीलाल शेटना गाडीचा भारी नाद. त्यांनी पुण्याहून लष्कराच्या मोडीतल्या लॉरीचे इंजिन आणून बसवायला दिले. ते पहिल्यांदा चालू झाले तेव्हा आमच्या कारखान्याचे पत्रे थरथरले आणि शेट लहान पोरासारखे टाळ्या पिटू लागले. मी तिथेच मोटारीच्या गाद्या शिवत होते. म्हणून सांगते ते माझ्या डोळ्यांदेखतचे आहे.

नवरा तेव्हाच म्हणाला, "शेट, इंजिन लॉरीचं झालं, पन मागचा एक्सल मोटारीचाच हाय. चढावर जोर लावला की पिळवटून तुटंल." मागची चाके ज्या दांड्याने फिरतात तो एक्सल. मी पाहिला आहे, माझ्या मनगटाहून बारीक होता.

जाड एक्सलसाठी नवरा गावोगाव हिंडला. एक मिळाला तो रुंदीला जास्त, चाके बाहेर येत होती. दुसऱ्याला आतून चीर होती. शेवटी शिनोलीला बंद पडलेल्या लॉरीचा मिळाला. तो बैलगाडीत घालून आणला, रॉकेलने धुतला, सोड्याच्या पाण्याने धुतला. नवरा खूश होता. पण ती लॉरी चामड्याच्या व्यापाऱ्याची, गुरांची कातडी वाहणारी होती.

मी म्हटले, लोखंडाला कसली आली जात, बसवून टाका. तो म्हणाला, जैनांच्या घरची गाडी आहे, न सांगता बसवायचा नाही. त्याने माझे ऐकले असते तर जवरीलाल शेट आज जिवंत असते. याचा मला राग येतो आणि अशा माणसाची मी बायको आहे याचा अभिमानही वाटतो. दोन्ही लिहा, असे मी हवालदारांना सांगितले.

त्याने शेटना सांगितले. दुसऱ्या दिवशी शेटच्या आई कंचनबाई स्वतः कारखान्यात आल्या. बाई वाईट नाहीत. मला टायफॉइड झाला तेव्हा रोज मुगाचे पाणी त्यांच्या घरून यायचे. त्या एक्सलपासून चार हात लांब उभ्या राहिल्या व म्हणाल्या, "हनीफ, ह्या गाडीनं मी देवळात जाते. जीव मारून सोललेली कातडी ज्यानं वाहिली, ते लोखंड मला नको."

नवरा म्हणाला, "बाई, जुना टिकायचा न्हाई. शेटच्या जिवाला धोका हाय."

"हळू चालवंल तो," असे त्या म्हणाल्या.

शेट हसले. "हनीफभाई, आईपुढं माझं काय चालतंय? जुनाच बसवा. मी घाटात न्हेनार न्हाई." नवऱ्याने जुनाच बसवला. पण एवढ्या ताकदीचे इंजिन सपाटीवर ठेवणे तरण्या माणसाला जमले नाही. त्या वेळी आणे घाट उतरत असलेला चिमाजी गाडीवान याने मला सांगितले की, चढावर मोठा आवाज होऊन मागचे चाक निसटले, आणि मोटार उलटी येऊ लागली ती थांबलीच नाही.

शेटच्या अंत्ययात्रेहून आल्यावर नवऱ्याने अन्नाला हात लावला नाही. मी म्हटले, खरे काय ते सांगून टाका. तो म्हणाला, "एकुलता एक गेला बाईंचा. आता काय सांगू, तुमच्या शब्दानं गेला म्हनून? मी जेलात जाईन, सुटून घरी येईन. त्या कुठं जातील?" मी त्याचे ताट झाकून ठेवले.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे चोर कोणीच नाही, पण फास माझ्या घराला बसतो आहे. मला माझा माणूस परत हवा. कंचनबाईंवर माझी काही तक्रार नाही. त्यांना हा जबाब कळू देऊ नये.

जबाब लिहून झाल्यावर हवालदारांनी तो मला मोठ्याने वाचून दाखवला. कंचनबाई आपल्या जबाबासाठी येऊन दारात उभ्या होत्या, ते ना हवालदारांच्या ध्यानात आले, ना माझ्या. वाचून झाल्यावर हवालदारांनी विचारले, सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे काय? मी तोंड उघडण्याआधी कंचनबाई दारातून म्हणाल्या, "बरोबर हाय."

त्यानंतर मी अंगठा केला.