भोंगा सरांच्या जागी कोण?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या उद्योग नियोजन मंडळाचे प्रमुख, सन्माननीय महोदय. व्यासपीठावरचे मंडळाचे ज्येष्ठ सदस्य. पुढच्या रांगांमधले कारखानदार, त्यांत आमचे मालकही आले. ज्यांच्यासाठी आपण जमलो ते सत्कारमूर्ती, आमचे सर. आणि खुर्च्या संपल्या म्हणून भिंतीला टेकून उभे असलेले माझे जुने सोबती, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मला दहा मिनिटं दिली आहेत. निवेदकांनी माझी ओळख 'सरांची लाडकी विद्यार्थिनी' अशी करून दिली. साफ खोटं! सरांचं लाडकं कुणी नव्हतंच. साचे बनवायला शिकवणाऱ्या या केंद्रात मी पहिली मुलगी. पहिल्या दिवशी सरांनी माझ्या हातात लोखंडाचा ठोकळा आणि कानस दिली नि म्हणाले, "हा चौकोनी कर." मी म्हटलं, "सर, चौकोनीच आहे की." त्यावर ते असे काही ओरडले, की शेजारच्या वेल्डिंगच्या वर्गातली मुलं धावत दारात आली. यंत्रं चालू असताना ज्यांचा आवाज शेवटच्या टेबलापर्यंत पोचतो, त्यांना मुलं दुसरं काय म्हणणार? भोंगा सर. रागावू नका, सर. हे नाव तुम्हाला माहीत आहे, हे आम्हालाही माहीत आहे.

तर मी एक छानसं भाषण लिहून आणलं होतं. काल सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या समोरच बसल्या आहेत, त्यांना ते आवडलं होतं. पण क्षमा करा, अध्यक्ष महोदय, तुमचं भाषण ऐकल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. तुम्ही सरांचं तोंडभरून कौतुक केलंत आणि जाता जाता म्हणालात, की शिकवायला योग्य निदेशक मिळेपर्यंत नवी तुकडी तूर्त स्थगित ठेवली आहे. आणि आपण काय केलं? टाळ्या वाजवल्या! मीही वाजवल्या. वाजवता वाजवता माझ्या लक्षात आलं, अगं बाई, कशाला वाजवतेय मी?

वेल्डिंगचा वर्गही तूर्तच बंद झाला होता. आज तिथे काय आहे, बघून या. रिकामी खोकी रचली आहेत छतापर्यंत. म्हणून तो शब्द कानावर आला की मला ती खोकी दिसतात. तो लिहिलेला कागद मी आता पर्समध्ये ठेवते. कागद उडू नये म्हणून कमी केलेला पंखा पुन्हा मोठा केलात तरी चालेल.

मंडळाने या भागासाठी वीस वर्षांची योजना आखली, तेव्हाची गोष्ट इथल्या ज्येष्ठांना आठवत असेल. सगळे म्हणत होते, आधी शेड बांधू, रस्ता करू, मग कारखाने येतील. सरांनी टेबलावर मूठ आपटली म्हणे. "आधी हात तयार करा. हात असले की कारखाने विचारत येतील." आणि आलेच की! बाटल्यांच्या झाकणांचे आले, गाड्यांच्या दिव्यांचे आले, औषधांच्या डब्यांचे आले. या सगळ्यांना साचे लागतात, आणि साचा घडवणारा माणूस दुकानात विकत मिळत नाही. तो इथे घडत होता. हे श्रेय सरांचं आहे आणि मंडळाचंही आहे. मी ते मनापासून देते.

आता सरांची एक रीत सांगते. मुलाला नोकरी लागली की त्याच संध्याकाळी त्याचं टेबल रिकामं झालं पाहिजे. लोखंड पकडायचा व्हाइस पुसायचा, तेल लावायचं, हत्यारं परत करायची आणि निघायचं. कुणी म्हणालं, "सर, आठवडाभर थांबतो, नव्या मुलांना दाखवतो," की सर कडाडायचे, "इथे काय ठेवलंय? जा, कमव!" मलाही असंच हाकललं. मी दारात रडतेय आणि हे आतून ओरडताहेत, "हत्यारांच्या कपाटाची किल्ली दे आधी!" रिकामं टेबल म्हणजे सरांना विजय वाटायचा. मंडळालाही तसंच वाटायचं. किती टेबलं रिकामी झाली, त्यावर केंद्राचं यश ठरायचं, आणि आम्ही दरवर्षी पहिले यायचो.

मग मागच्या महिन्यात ते पाहुणे आले. मोठा कारखाना काढायचा म्हणून जागा बघत फिरत होते. मी योगायोगाने केंद्रात होते, साच्याचा एक भाग घासून घ्यायला आले होते. पाहुण्यांनी सगळं पाहिलं, माना डोलावल्या, चहा घेतला. त्यांच्यातल्या एक बाई सहज म्हणाल्या, "तुमच्यानंतर इथे कोण शिकवणार?" सर छाती पुढे काढून म्हणाले, "माझी मुलं!" बाईंनी इकडेतिकडे पाहत विचारलं, "कुठे आहेत?" सर सांगायला लागले. एक झाकणवाल्यांकडे, एक दिव्यांच्या कारखान्यात, दोघं परदेशी... सांगता सांगता त्यांची नजर हॉलभर फिरली. सगळी टेबलं रिकामी, पुसलेली, तेल लावलेली. आणि सरांनी यादी तशीच सोडून पुसलेलाच एक व्हाइस पुन्हा पुसायला घेतला. इतक्या वर्षांत सरांचं वाक्य असं अर्ध्यावर राहिलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मला तिथे उभं राहवेना. घासायला आणलेला भाग तसाच घेऊन मी परत गेले.

ते पाहुणे या महिनाअखेर निर्णय कळवणार आहेत. केंद्राला कुलूप बघून ते काय कळवतील, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. ते आले नाहीत, तर त्यांच्या जिवावर विस्तार करू म्हणणारे तुम्ही कारखानदार काय करणार? आणि ज्या मुलामुलींनी प्रवेशाचे अर्ज भरलेत, त्यांनी कुठे जायचं?

बोलू का स्पष्ट? आपण सगळ्यांनी मिळून एक चूक केली, आणि ती फार नेटाने केली. यंत्र जुनं झालं तर बदलायची तरतूद योजनेत आहे. छप्पर गळलं तर डागडुजीची आहे. शिकवणाऱ्याचं वय होईल, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. जो चांगला निघाला त्याला आपण बाहेर धाडलं. सगळंच धान्य दळून खाल्लं, पेरायला ठेवलंच नाही. निदेशकाच्या जागेची जाहिरात दोनदा निघाली, पण अर्ज कोण करणार? ज्याला हे काम येतं, त्याला तुम्ही कारखानदार मंडळी केंद्राच्या दुप्पट पगार देता. मी तुम्हाला दोष देत नाही. मीही तोच पगार घेते.

घेत होते, म्हणा.

आज सकाळी मंडळाच्या कार्यालयात एक अर्ज आला आहे, अध्यक्ष महोदय. तुमच्यापर्यंत अजून पोचला नसेल. तो माझा आहे.

थांबा, थांबा, टाळ्या नकोत, आजचा टाळ्यांचा अनुभव काही बरा नाही. काय म्हणालात, सर? "खाली बस" म्हणताहेत. बघा, माइक नाही तरी शेवटच्या रांगेपर्यंत गेलं! सर, उठू नका, तो हार आधी नीट सांभाळा. मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार. माझं चांगलं चाललंय, साचे बनवायची अख्खी टूलरूम माझ्या हाताखाली आहे, मागे काय वळतेस? काल फोनवर मी अर्जाचा विषय काढला, तेव्हा तुम्ही हेच बोललात आणि फोन आपटलात. मग मी रात्रभर तळमळले. शेवटी सासूबाई उठून आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, पगार निम्मा होईल, तेही सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "तिथे दुपारी डबा खायला तरी सवड मिळेल ना गं? या नोकरीत तुझा डबा रोज भरलेलाच परत येतो." मी हो म्हटलं. आई, तेवढं मात्र मी तुम्हाला जरा ठोकून दिलं.

मालक, तुमच्या कपाळावरच्या आठ्या इथून दिसताहेत. हे तुम्हाला भर सभेत कळलं, त्याचं मला खरंच वाईट वाटतंय. केबिनमध्ये सांगितलं असतं, तर तुम्ही मला चहा पाजून गुंडाळलं असतं. नवी तुकडी तयार होईपर्यंत दोन वर्षं तुमची ओढाताण होईल. पण सध्या माझ्यासारखी एकच आहे आणि सगळ्यांना ती हवी आहे, ही काय चैन आहे का? तुम्ही पाच वर्षांनी चौथी शेड बांधणार म्हणता. तिच्यात उभं कोण राहणार, हे आजच ठरवायला हवं ना?

आणि अध्यक्ष महोदय, माझी एक अट आहे. प्रत्येक तुकडीतले दोघं केंद्रातच राहतील, शिकवायला. त्यांच्या आणि कारखान्याच्या पगारातला फरक समोर बसलेल्या सगळ्या कारखानदारांनी मिळून भरायचा. योजनेत हे लिहून घ्या. नाहीतर माझ्या निरोपालाही आपण असेच जमू, हार घालू, आणि कुणीतरी म्हणेल, तूर्त स्थगित.

सर, तुम्ही मान हलवताय. नाही म्हणताय. तुमचं मला कळतं हो. आपली मुलं कमावती व्हावीत, यापलीकडे तुम्ही आयुष्यात काही मागितलं नाहीत. माझ्या घरात जे काही आहे ते तुमच्या त्या हाकलण्यामुळे आहे, आणि ते मी विसरणार नाही. तुम्ही "ठोकळा चौकोनी कर" म्हणालात, मी केला. "जा" म्हणालात, रडत का होईना, पण गेले. तुमचा शब्द मी एकदाही मोडला नाही, सर. आज मोडतेय.

दहा मिनिटं केव्हाच होऊन गेली. तुम्ही ऐकून घेतलंत, त्याबद्दल मी सर्वांची आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर लेकीचं बोलणं समजून पोटात घाला. अर्ज केल्याबद्दल मात्र मी कुणाचीच माफी मागणार नाही. सर, तुमचीसुद्धा नाही.