कांद्याच्या नावाची काच

मेघा मॅडम : ...आणि या स्लाइडवर लेबल कांद्याचं. बन्सीकाका, वीस वर्षं झाली तुम्हाला शाळेच्या या प्रयोगशाळेत. तुम्ही असं चुकाल असं वाटत नाही.

बन्सी : बघू द्या. व्हय, कांदाच लिहिलंय.

मेघा मॅडम : लिहिलंय, पण आत कांदा नाही. कांद्याच्या पेशी विटांसारख्या ओळीनं बसतात. या सुट्या, वेड्यावाकड्या. माणसाच्या गालाच्या आहेत. अपेक्षानं आज प्रॅक्टिकलला तसंच लिहिलं, आणि मी लेबल बघून तिचे मार्क कापले. दुपारभर रडत होती पोरगी.

बन्सी : अरारा. माझ्यामुळं झालं ते. मार्क द्या लेकराला, मी सोता जाऊन सांगतो तिला.

मेघा मॅडम : देते. ही काच मात्र आता टाकून द्या. रंगही फिका पडलाय.

बन्सी : नका टाकू, मॅडम.

मेघा मॅडम : अहो, दुसरी दोन मिनिटांत होते.

बन्सी : ही नाय व्हायची.

मेघा मॅडम : बसा बरं आधी. काय झालं?

बन्सी : माझ्या शिवमच्या आईची हाय ती. एका वर्षी शाळेची तपासणी व्हती. स्लाइडीला तोंड साफ पायजे, आन् माझ्या गालात कायम तंबाखू. ती बजाजनगरहून डबा घेऊन आली व्हती. म्हणलं, सत्यभामा, आ कर. काडी फिरवली गालातून. म्हणली, आता पोरं माझं तोंड बघून पास व्हणार का. वरची काच चिटकवायला नखपॉलिश बी तिचंच.

मेघा मॅडम : आणि मग कांदा कशाला लिहिलंत?

बन्सी : कोरोनात गेली ती. दवाखान्यातून परस्पर नेली, शेवटचं बघू बी दिलं नाय. शाळा उघडली तर तेव्हाचे सर म्हणले, तोंडातलं कायबी ठिवू नका, गालाच्या स्लाइडी समद्या फेका. बाकीच्या फेकल्या. हिच्यावर कांदा लिहून ठिवला.

मेघा मॅडम : ...काका, घरी घेऊन जा ही. मी फुटली म्हणून लिहिते रजिस्टरला.

बन्सी : घरी नेऊन काय करू? तिथं नुसती काच. तिला बघायला मायक्रोस्कोप लागतो.

मेघा मॅडम : मग राहू द्या इथंच, माझ्या कपाटात. कुणी हात नाही लावणार. या, बघा.

बन्सी : पोरं गेल्यावर रोजच बघतो की. पर त्यातलं कळत नाय मला. हा मधी निळा ठिपका कशाचा?

मेघा मॅडम : केंद्रक. माणूस कसा घडायचा ते त्यात असतं. त्यांचा रंग, केस, डोळे. एकेका ठिपक्यात सगळंच्या सगळं.

बन्सी : एवढ्याशात? आन् बोलणं?

मेघा मॅडम : नाही काका. बोलणं नसतं त्यात.

बन्सी : ऱ्हाऊ द्या. ते हाय माझ्यापाशी.