आडवं अस्वल

अस्वलानं मतदान जिंकल्याचं तुमी कधी ऐकलं का? बडनेऱ्याजवळच्या आमच्या गावात जिंकलं, अन् ते अस्वल मी रंगवलं होतं.

देशी दारूचं दुकान गणेशभाऊचं. त्यानं माह्याकडून भिंतीवर जाहिरात काढून घेतली होती : गॉगलवालं अस्वल, हातात उभी बाटली. लोकं पाहून हसत. मग दुकान ठेवायचं का, यावर गावच्या बायांचं मतदान लागलं. चिठ्ठीवर दोनच चित्रं, उभी बाटली म्हणजे चालू, आडवी म्हणजे बंद.

बायांच्या पुढारी शांताबाई घरी आल्या. "सलीमभाऊ, म्हाताऱ्यायले वाचता येत नाई. थेच अस्वल बुद्धविहाराच्या भिंतीवर पाडून दे."

"पाडून म्हणजे?"

"आडवं. बाटलीसकट."

मी काढून दिलं. मतदानाला म्हाताऱ्या एकमेकींना विचारून राहिल्या होत्या, "पडेल अस्वलाची बाटली कोनती?" अन् शिक्का मारत होत्या. संध्याकाळी निकाल लागला, दुकान बंद. बाया रस्त्यावर नाचल्या.

तेवढ्यात गणेशभाऊ माह्या दारात. मी हात जोडले.

"भाऊ, चुकलं माह्यं."

"तुह्यं काय चुकलं? माह्या बायकोनंच आडव्या बाटलीवर शिक्का मारला. वरून घरी येऊन मले सांगतलं बी."