अख्ख्या गाडीचा हूं

अगं बायांनो, चहा गार झाला तरी चालंल, पण हे ऐकाच! परवा मी अन माझी धाकटी, ती बालवाडीतली, वडवणीच्या बाजाराला एसटीनं निघालो. आमच्या घरी गोष्ट ऐकणाऱ्यानं 'हूं' म्हणायचं असतंय. हूं थांबला की गोष्ट बी थांबती. पोरगी मला गोष्ट सांगत होती. शेळी कोरड्या विहिरीत पडली, वरून लांडगा वाकून बघाया लागला, अन नेमकी मला डुलकी लागली.

"आई हूं म्हणत न्हाई. जा, मी सांगतच न्हाई!"

मी दचकून उठले, तवर मागून एक म्हातारा म्हणला, "हूं!" मग काय, अख्खी गाडी हूं म्हणाया लागली! कंडक्टर तिकिटं फाडायचं सोडून हूं, हूं! लांडग्यानं विहिरीत एक पाय टाकला, अन आमची बया माझ्या मांडीवर ढाराढूर!

"ओ मावशी, उठवा की तिला! शेळीचं काय झालं?" कंडक्टर वरडला.

"मला काय ठावं? गोष्ट तिची हाय. अन झोपल्या लेकराला हात तर लावून बघ, तुझंच तिकीट फाडते!"

संध्याकाळी परतीच्या गाडीत तोच कंडक्टर. आमाला बघून पळतच आला. तिकिटाचं नाव न्हाई, पोरीपुढं वाकून म्हणला, "ताई, वाचली का गं शेळी?"

पोरीनं हाताची घडी घातली.

"आधी हूं म्हणा."