वऱ्हाड दारात आलं

मंडळी, एक सांगा – मुलगी देवाला द्यायची, तर मानपान कुणाचा करायचा? देव काही मुलगी बघायला येत नाही. चहा-बिस्किटं वाचतात, तेवढंच!

तर ऐका. वसईकडच्या एका गावात फादर इनास तुस्कान होते. गावाबाहेर झोपड्यांत कुष्ठरोगी राहायचे. त्यांच्या सेवेसाठी धर्मभगिनींचा संघ काढायचा, हा फादरांचा ध्यास. संघाचं नाव ठरलं, नियम ठरले, घंटासुद्धा आली. फक्त भगिनी नव्हत्या. रोज पहाटे फादर स्वतःच घंटा वाजवायचे आणि स्वतःच धावत प्रार्थनेला यायचे. शिस्त म्हणजे शिस्त.

बिशप म्हणाले, "आईबापाच्या आशीर्वादाने आलेली एक तरी मुलगी पावसाळ्याआधी दाखवा. नाहीतर घंटा परत करा."

मुलगी होती! बस्त्याव बागायतदाराची मार्सेलीन. ती एका पायावर तयार. बाप अडून बसलेला.

"फादर, आमच्यात मुलगी घरातून निघते ती बँड लावून. विहिरीचं पाणी वाजतगाजत येतं. वऱ्हाड न्यायला येतं, बाप त्यांच्या पायांवर पाणी घालतो, मग पाठवणी. मागच्या दाराने पोर घालवायला मी काय चोर आहे?"

"आणि हे सगळं झालं तर?"

"तर देतो." बस्त्याव मिशीत हसला. "पण वऱ्हाड आणणार कुठून? स्वर्गातून?"

"एवढ्या लांबून कशाला?" फादर म्हणाले.

रविवारी बँड वाजला. विहिरीचं पाणी आलं, मार्सेलीन नटली, अख्खा गाव मांडवात. नवरा कोण, हे कुणीच विचारेना – जो तो समजला, आपल्यालाच तेवढं माहीत नाही.

आणि वऱ्हाड आलं. पुढे झोपड्यांतला जाणू – डोक्याला फेटा, बोटं झडलेल्या हातांत फुलांचा गुच्छ. मागे काठ्या टेकत सगळी कुष्ठवस्ती. बँड थांबला. फादरांनी डोळे मिटले. आता बस्त्याव दार लावणार, आणि घंटा परत जाणार.

जाणू लांबच उभा राहिला. "बाबा, तिला इथूनच नेतो आम्ही. मांडवात येत नाही."

बस्त्यावने जाणूच्या पायांकडे बघितलं. मग बायकोवर खेकसला, "कळशी आण! वऱ्हाड उन्हात उभं आहे, दिसत नाही?"

तो जाणूपुढे वाकला. पायांच्या चिंध्या सोडल्या, जखमांवर पाणी घातलं, खांद्यावरच्या नव्या पंच्याने पाय टिपले. मग मान वर करून गावाला म्हणाला, "बघता काय? व्याही आहेत माझे."

घंटा परत गेली नाही, मंडळी. आजही त्या संघात मुलगी आली की बँड लागतो, आणि तिचा बाप ताठ मानेने वाकतो.

ते वऱ्हाड अजून फिरतंय. तुमच्याही दारी येईल, पत्ता चुकल्यासारखं लांबच उभं राहील. तेव्हा नवरा कोण, हे विचारत बसू नका. कळशी भरलेली आहे ना, तेवढं आज घरी जाऊन बघा.